पोलिसांच्या किती खिडक्या आणि आपली कुठली: वर्षभर फिरून लिहिलेला रिव्ह्यू (एकूण साडेतीन स्टार)

गुगल मॅपवर पोलीस स्टेशनलाही स्टार देता येतात हे मला गेल्या वर्षी कळलं, तेही भांडुपहून रिक्षाने जाताना रस्ता बघत होतो म्हणून. वडापाववाल्याला द्यावेत तसे लोकांनी दिलेत, एकाने पाच स्टार देऊन 'गुड सर्व्हिस' लिहिलंय, म्हणजे नक्की काय झालं असेल देव जाणे, आणि एकाने एक स्टार देऊन 'पार्किंग नाही' लिहिलंय. पण गेल्या वर्षभरात मला पोलिसांच्या चार-पाच वेगवेगळ्या शाखांशी काम पडलं, एकही हौसेने नाही, तेव्हा म्हटलं नीट बसून लिहू, कोणाच्या तरी उपयोगी पडेल.

आधी एक सांगतो. 'पोलीस' म्हणून एक काहीतरी आहे असं मी चाळीस वर्षं समजत होतो. तसं नाहीये. डीजी म्हणजे पोलीस महासंचालकांचं ऑफिस कुलाब्याला, ते अख्ख्या राज्याचं, आणि सीपी म्हणजे पोलीस आयुक्तांचं ऑफिस क्रॉफर्ड मार्केटसमोर, ते मुंबई शहराचं, आणि लोकलमध्ये खिसा कापला तर या शहरवाल्यांचा संबंध नाही, तिथे लोहमार्ग पोलीस, त्यांचा आयुक्तच वेगळा. हे सगळं कुठे एका बोर्डावर लिहिलेलं मला तरी दिसलं नाही, आणि माझी मुख्य तक्रार तीच आहे.

सुरुवात गणपतीच्या आठवडाभर आधी झाली. बाबा ७१ वर्षांचे, त्यांना मेसेज आला की मागच्या महिन्याचं बिल अपडेट नाही, आज रात्री साडेनऊला तुमची लाईट कट होणार, खाली एक नंबर. बाबांनी आयुष्यात कधी बिल थकवलं नाही त्यामुळे ते एवढे हादरले की लगेच फोन लावला, समोरच्याने गोड बोलून व्हॉट्सअ‍ॅपवर एक एपीके फाईल (फोनमध्ये ॲप टाकायची) पाठवली आणि 'फक्त बारा रुपये भरा म्हणजे अपडेट होईल' म्हणाला. बारा रुपये! पुढच्या पंधरा मिनिटांत ४९,९९९, मग २५,०००, मग ११,५००. मी ऑफिसहून घरी पोचलो तेव्हा आठला पाच मिनिटं कमी होती आणि बाबा कोणाला न सांगता पंख्याखाली बसले होते. आईला वाटलं बीपी वाढलंय.

मी १९३० लावला, ऑनलाईन फसवणुकीची तक्रार करायचा नंबर. हा नंबर पाठ असण्याचं श्रेय माझ्या ऑफिसातल्या एका चिकट पोस्टरला आहे, कॉफी मशीनवर लावलंय, रोज बघून बघून डोक्यात बसलेला. नंबर देशभर एकच असला तरी फोन आपल्याच राज्याचे पोलीस उचलतात. पलीकडे एक मॅडम होत्या, मराठीत बोलल्या, आवाजात घाई होती पण कटकट नव्हती. पहिलं वाक्य, 'आधी त्या फोनचं नेट बंद करा.' मग विचारलं बँक कुठली, खातं, रक्कम, वेळ, आणि प्रत्येक व्यवहाराचा बारा आकडी यूटीआर म्हणजे ओळख नंबर.

हा यूटीआर प्रकार लक्षात ठेवा कारण सगळं त्याच्यावर आहे. बाबांच्या फोनवरचा मेसेज, अक्षरं मुंगीएवढी, मी आकडे वाचतोय, बाबा भिंग घेऊन माझ्या खांद्यावरून तेच वाचतायत, मी 'सहा' म्हटलं की ते 'आठ आहे रे तो', आई देवापुढची बॅटरी घेऊन आली, आणि मॅडम तिकडून शांतपणे, 'पुन्हा सांगा, शेवटचे चार.' दुसऱ्या व्यवहाराचा आकडा आम्ही खरंच चुकवला होता, त्यांच्या सिस्टीममध्ये बसेना म्हणून त्यांनीच परत विचारलं. अकरा मिनिटांचा कॉल. शेवटी पोचपावतीचा नंबर मेसेजवर आला आणि cybercrime नावाच्या सरकारी पोर्टलवर पूर्ण तक्रार भरायला सांगितलं... हो, ते पोर्टलचं नाव इंग्रजीतच टाईप झालं, देवनागरीत सायबरक्राईम समजा.

आतून ते चालतं कसं ते मला नंतर कळलं. तुमची तक्रार गेली की ज्या बँकेत पैसे गेले तिला लगेच सूचना जाते, पैसे तिथे पडून असतील तर होल्ड, पुढे सरकले असतील तर सूचना त्यांच्या मागे पुढच्या बँकेत. चोर एका खात्यातून दुसऱ्या, दुसऱ्यातून चौथ्या असं उडवत जातो, ती खाती बहुतेक कुठल्या तरी गरिबाच्या नावावर भाड्याने घेतलेली. म्हणजे ही शर्यत आहे आणि आपण घरात 'कोणाला सांगू, लोक काय म्हणतील' करत बसलो तेवढी चोराची आघाडी. आमचे ८६,४९९ पैकी ४१,२०० अडकले. बाकीचे तोवर एटीएममधून निघून गेले होते.

१९३० ला साडेचार स्टार. अर्धा का कापला ते विचारू नका, मी पाच कोणालाच देत नाही (एकाला दिलेत, पुढे येईल).

आता खालची पायरी. दुसऱ्या दिवशी पोलीस ठाण्यात गेलो. कुठल्या ते लिहीत नाही, परत तिथेच जायचंय. ठाणे अंमलदार म्हणाले, सायबरचं आहे ना, मग सायबरला जा. मुंबईत सायबरची वेगळी पोलीस ठाणी आहेत, प्रादेशिक विभागागणिक एक. अर्धा दिवस रजा टाकून तिकडे गेलो तर त्यांनी कागद बघून सांगितलं की हे तुमच्या हद्दीतल्या ठाण्यातच नोंदवायचं. परत आलो. आता म्हणे पीआय म्हणजे निरीक्षक साहेब बंदोबस्ताला. उद्या या. उद्या गेलो, मीटिंगला. हवालदार चांगला होता, त्याने चहा दिला, पण चहाने एफआयआर होत नाही.

तेव्हा मी भयंकर चिडलेलो, पण यामागे एक खरं कारणही आहे जे मला तिथे कोणी सांगितलं नाही. आयटी अ‍ॅक्टचं कलम ७८ म्हणतं की त्या माहिती तंत्रज्ञान कायद्याखालच्या गुन्ह्याचा तपास पोलीस निरीक्षक किंवा त्याच्या वरच्यानेच करायचा. फौजदाराला, एपीआयला (सहायक निरीक्षकाला) तो अधिकार नाही. ठाण्यात निरीक्षक असतात तीन-चार, त्यात सीनियर साहेब आले, आणि गणपतीत ते सगळे मंडपांच्या मीटिंगा आणि विसर्जनाच्या मार्गावर. आता हे एवढं वाक्य, 'काका, याला पीआय लागतो, ते संध्याकाळी सातनंतर भेटतील', टेबलावरच्या माणसाने म्हटलं असतं तर माझे दोन दिवस आणि त्याच्याबद्दलचे माझे विचार दोन्ही वाचले असते.

शेवटी ठाण्याच्याच सायबर कक्षातल्या एका महिला फौजदारांनी बाबांना समोर बसवलं, जबाब लिहून घेतला, साहेबांची सही घेतली. कलमं लागली भारतीय न्याय संहिता ३१८(४), आयटी अ‍ॅक्ट ६६ सी आणि ६६ डी. बाबांनी जबाब सही करण्याआधी दोनदा वाचला आणि त्यात शुद्धलेखनाची चूक काढली, 'विद्युत' मधला द्यु. मॅडमनी हसून दुरुस्त केली. ठाण्याला अडीच स्टार, त्यातले दोन या मॅडमचे.

आमच्या खालच्या मजल्यावर एक निवृत्त हवालदार काका राहतात, चौतीस वर्षं नोकरी, सुरुवात नायगावला एलए मध्ये म्हणजे सशस्त्र विभागात, मग ठाणं, मग ट्रॅफिक, शेवटी एसबी म्हणजे विशेष शाखा. पोलिसांत म्हणे ट्रॅफिक, एसबी, एलए याला 'साईड' म्हणतात, साईडला टाकलं म्हणजे ठाण्यातून बाजूला काढलं. मी त्यांच्याकडे जाऊन सगळं गाऱ्हाणं ओतलं तर ते म्हणाले, 'ठाणं म्हणजे एसटी स्टँड आहे रे. गाड्या सगळ्या झकास, शिवशाही पण आहे, पण चौकशीच्या खिडकीत माणूस नसला की तू बिड ऐवजी बिदरला जातोस.'

त्या संध्याकाळी काकांनी मला जे पढवलं ते शाळेत नागरिकशास्त्राला शिकवायला हवं होतं. मुंबईत जुने लोक क्राईम ब्रँचलाच सीआयडी म्हणतात आणि ते पूर्ण चूक नाही, कारण शाखेच्या कागदावर डीसीबी-सीआयडी असंच असतं, पण राज्याची जी सीआयडी आहे ती वेगळी, तिचं मुख्यालय पुण्याला. माझा मावसभाऊ सातारचा, तिकडे 'एलसीबीने उचलला' म्हणतात, स्थानिक गुन्हे शाखा, ती जिल्ह्याची, आणि आपल्याकडे तेच काम क्राईम ब्रँचची युनिटं करतात. ईओडब्ल्यू म्हणजे आर्थिक गुन्हे शाखा, पण तिथे मोठ्या रकमांची प्रकरणं, आमच्या ८६ हजारांकडे तिथे कोणी बघणार नाही (बाबा तिथेच जायचं म्हणून हटून बसले होते, पेपरात नाव वाचलेलं). अमली पदार्थ विरोधी कक्ष मुंबई पोलिसांचा. एटीएस, म्हणजे दहशतवाद विरोधी पथक, राज्याची. फोर्स वन पण राज्याचं, २६/११ नंतर उभं केलेलं कमांडो दल. लाच मागितली तर एसीबी म्हणजे लाचलुचपत प्रतिबंधक विभाग, वरळीला, फोन १०६४. आणि गणपतीत ज्यांना आपण नुसतं 'एसआरपी' म्हणतो ते राज्य राखीव दल तर १९४८ पासूनचं, महाराष्ट्र राज्याहून वयाने मोठं.

मी म्हटलं काका, मग या सगळ्यात भारी कोण. मला वाटलं ते एटीएस म्हणतील, करकरे साहेबांबद्दल बोलतील. ते म्हणाले, 'ओंबळे कुठल्या स्पेशल युनिटचा होता?' तुकाराम ओंबळे डी. बी. मार्ग ठाण्याचे एएसआय म्हणजे सहायक फौजदार, गिरगाव चौपाटीला नाकाबंदीवर, हातात लाठी, आणि कसाबची बंदूक धरून ठेवली. काका पुढे काही बोलले नाहीत, टीव्हीचा आवाज वाढवला.

नोव्हेंबरात माझा स्वतःचा नंबर लागला. सकाळची स्लो लोकल, मी दारात, विद्याविहार सोडून गाडी कुर्ल्याकडे हळू झाली आणि रुळाच्या कडेच्या पोराने मनगटावर काठी मारली. फटका म्हणतात याला, ऐकून होतो, लागल्यावर कळलं की आवाज आधी येतो आणि दुखतं नंतर. फोन खाली, गाडी पुढे. डब्यातले लोक 'उडी मारू नका, उडी मारू नका' म्हणून माझी बॅग धरून उभे, आणि खरंच, मारली असती मी त्या क्षणी, मूर्खासारखी. कृपा करून मारू नका.

कुर्ल्याला उतरून पहिला दिसला तो खाकीवाला गाठला. तो आरपीएफचा. त्याने प्लॅटफॉर्मच्या पलीकडे हात दाखवला, तिकडे जीआरपी. दोन्ही खाकी, दोन्ही स्टेशनात, फरक एवढाच की आरपीएफ केंद्राचं, रेल्वेचं स्वतःचं दल, आणि जीआरपी म्हणजे लोहमार्ग पोलीस राज्याचे, एफआयआर ते घेतात. चोरी गाडीत, रुळावर किंवा स्टेशनात झाली तर जीआरपी, स्टेशनबाहेर रिक्षा स्टँडवर झाली तर शहर पोलीस. आणि समजा तुम्हाला कळलंच नाही की खिसा घाटकोपरला कापला की दादरला, तरी जिथे उतराल तिथे जा, आता झिरो एफआयआर नव्या कायद्यातच आहे, १ जुलै २०२४ पासून, हद्दीचं कारण सांगून परत पाठवता येत नाही, ते नोंदवून पुढे पाठवतात.

जीआरपीचा अनुभव मात्र मस्त, मला स्वतःला धक्का बसला. रोज हेच ऐकत असतील ना, त्यामुळे त्यांना प्रश्न पाठ. पहिला प्रश्न, दारात होतात का. दुसरा, डावीकडचं दार की उजवीकडचं. तिसरा, खांब नंबर काही दिसला का. मी म्हटलं साहेब खांब कोण बघतं, तर म्हणाले चोर बघतो. पाऊण तासात एफआयआरची प्रत हातात, आणि मनगट सुजलेलं बघून आधी बर्फ आणून दिला, शेजारच्या सरबतवाल्याकडचा.

मग घरी येऊन सीईआयआर पोर्टल, चोरीचा फोन ब्लॉक करायचं. हे पण लिहून ठेवा. टेलिकॉम खात्याचं आहे, २०१९ च्या सप्टेंबरात पहिल्यांदा मुंबईतच चालू झालं होतं. एफआयआरची प्रत, बिल, आयएमईआय म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख नंबर आणि ओळखपत्र लागतं, आणि त्याच नंबरचं नवीन सिम आधी घ्या कारण ओटीपी त्याच्यावर येतो, मी हे उलट्या क्रमाने केलं आणि एक संध्याकाळ फुकट घालवली. आयएमईआय फोनच्या खोक्यावर असतो. खोकी टाकू नका. बायको पाच वर्षं म्हणतेय ती माळ्यावरची खोकी फेका, आता तिला मी काही ऐकून घेत नाही. फोन ब्लॉक होतो आणि कोणी त्यात सिम घातलं की पोलिसांना कळतं. साडेचार महिन्यांनी फोन आला, जालन्याकडे एकाने सेकंडहँड घेतलेला, बिचाऱ्याला माहीतच नाही चोरीचा आहे. बंधपत्र लिहून दिलं, मुद्देमाल परत. स्क्रीनवर त्याच्या मुलीने चिकटवलेला मिकी माऊस अजून आहे, मी काढला नाही. जीआरपीला चार.

मधे जानेवारीत जरा बरा प्रसंग. २ जानेवारी पोलिसांचा रेझिंग डे असतो, १९६१ ला त्या दिवशी नेहरूंनी महाराष्ट्र पोलिसांना ध्वज दिला म्हणून, आणि मग आठवडाभर शाळांच्या पोरांना बोलावून दाखवतात. लेकीच्या शाळेशेजारच्या मैदानात मांडवच टाकला होता. एका मैदानात सगळ्या शाखा ओळीने, टेबलं, पाट्या, मी बायकोला म्हटलं बघ, हेच मला ऑगस्टमध्ये हवं होतं!

बॉम्ब शोधक पथकाचा तो हिरवा सूट खुर्चीवर बसवून ठेवलेला, तीस किलोच्या वर वजन. लेकीने हेल्मेट उचलायला दोन्ही हात लावले, जागचं हललं नाही, तर शिपाई म्हणाला, 'बाळा, हे घालून मे महिन्यात दादरच्या ब्रिजवर चालायचं.' घालणाऱ्याच्या कपाळावर पट्ट्याचा कायमचा वण होता, त्याला ते सांगायचं नव्हतं, पोरांना दिसत होतं. बोटांच्या ठशांच्या टेबलावर एका काचेच्या ग्लासवर लेकीचं बोट टेकवून घेतलं, ब्रशने काळी पूड फिरवली, टेपने उचलून पांढऱ्या कार्डावर चिकटवून दिलं. ते कार्ड सध्या आमच्या फ्रीजवर आहे आणि घरात बिस्किटं गायब झाली की ती स्वतःच तपासाला निघते, आरोपी नेहमी मी.

आणि श्वान पथक. इथे पाच स्टार, एकच. पाच बॅगा ओळीने ठेवल्या, लॅब्रॅडॉर एकेकीजवळून गेला आणि चौथीजवळ नुसता खाली बसला. भुंकला नाही, ओरबाडलं नाही. पोरं हिरमुसली, त्यांना पिक्चरमधला भुंकणारा कुत्रा हवा होता. हँडलरने विचारलं, आत बॉम्ब असला आणि याने पंजा मारला तर? पोरं गप्प. म्हणून बसायचंच शिकवतात, बसला की बक्षीस म्हणून बॉल, त्याच्या दृष्टीने आयुष्य म्हणजे बॉल कधी मिळतो एवढंच. तिथे झंजीरचा फोटो लावला होता. १९९३ च्या स्फोटांनंतर या एका कुत्र्याने ३,३२९ किलो आरडीएक्स हुंगून काढलं, २००० साली गेला. मी तेव्हा शाळेत होतो, पेपरात त्याच्यावर फुलं वाहतानाचा फोटो आलेला अजून आठवतो.

त्याच मैदानात सायबरच्या टेबलावर एक तरुण शिपाई पत्रकं वाटत होता, 'अनोळखी एपीके डाऊनलोड करू नका'. बाबा सोबत होते. त्यांनी पत्रक घेतलं, पूर्ण वाचलं, घडी घातली आणि त्याला म्हणाले, 'यात यूटीआरचं लिहा. आणि अक्षरं मोठी करा.' त्याने खरंच वहीत टिपून घेतलं. निर्भया पथकाच्या ताईंनी लेकीला आणि बायकोला १०३ नंबर फोनमध्ये सेव्ह करून दिला, महिलांसाठीचा. ट्रॅफिकच्या टेबलाकडे मी फिरकलो नाही, त्याच्यावर लिहायला बसलो तर वेगळा रिव्ह्यू होईल आणि चूक माझीच निघेल.

पैशांचं राहिलं. होल्ड झालेले पैसे आपोआप येत नाहीत, हे कोणी आधी सांगत नाही. आमच्या केसमध्ये कोर्टाचा आदेश लागला, म्हणजे अर्ज, बँकेचं शिक्कामोर्तब स्टेटमेंट, एफआयआर, पोलिसांचा 'हरकत नाही' अहवाल, मग तारीख. त्यात आमच्या बँकेने (नाव नको) स्टेटमेंटवर शिक्का मारायला नऊ दिवस घेतले, कारण शिक्का असलेली बाई रजेवर. फौजदार मॅडमची मधेच बदली झाली, पण जाताना फाईलवर पुढच्यासाठी एक पानभर टिपण लिहून गेल्या होत्या, त्यामुळे परत पहिल्यापासून सांगावं लागलं नाही. सरकारी ऑफिसात हे मी पहिल्यांदा बघितलं, म्हणून ठाण्याला वर लिहिलेले अडीच आता तीन करतो.

मार्चमध्ये एका दुपारी मी मीटिंगमध्ये असताना बाबांचा फोन. मी कापला. परत आला. बाहेर जाऊन घेतला तर कुजबुजत बोलत होते, जणू कोणी ऐकतंय.

'अरे, मेसेज आलाय. खात्यात ४१,२०० जमा म्हणतोय.'

'अहो मग झालं ना बाबा, आदेश गेला होता बँकेत.'

'ते ठीक आहे, पण मी उघडलेला नाही अजून. नुसता वरून वाचला. १९३० ला विचारून घेऊ का?'